शाळेतला तांदूळ, धान केंद्र आणि २६ किलोचा कट्टा



पोषण आहाराच्या तांदळाचे कट्टे शाळेत उतरवून घेत होतो. सातवीतली दोन-तीन मुलं मदतीला होती. कट्टे मोजता मोजता एकानं विचारलं, "मॅडम, आपल्या गावात एवढा धान होतो, मग शाळेचा तांदूळ सरकारच्या गाडीतून कशाला येतो? माझ्या बाबाकडूनच घ्या ना!"

मी म्हटलं, "अरे, योजना आहे ती." मुलगा गप्प बसला. पण उत्तर दिल्याबरोबर मलाच कळलं की हे काही उत्तर नाही. गोंदिया म्हणजे तांदळाचं शहर, जिल्हाभर धानाच्या बांध्या, जिकडेतिकडे राईस मिल, आणि त्याच जिल्ह्यातल्या शाळेत तांदूळ सरकारमार्फत येतो. मुलाचा प्रश्न शंभर टक्के रास्त होता. त्यातून सहावी-सातवीसाठी आठवडाभराचा पाठ तयार झाला. तोच इथे लिहिते आहे. घरी पालकांनाही घेता येईल असा आहे. धान तर बहुतेकांच्या घरात आहेच!

आधी आठवडी बाजार

सरकार बाजारात हात का घालतं, हे शिकवायचं तर आधी सरकार हात घालत नाही तिथे काय होतं ते दाखवायला हवं. नाहीतर मुलांना वाटतं की प्रत्येक भाव कुणीतरी साहेब ठरवून देतो.

मुलांना मी आठवडी बाजारातून टमाटरचा भाव विचारून यायला सांगितलं. सकाळी दहाला एक आणि संध्याकाळी सहाला एक. सकाळी भाव जास्त होता, संध्याकाळी उतरला. का? उरलेले टमाटर घरी नेऊन करायचं काय! एकीनं सांगितलं की तिची आजी मुद्दाम दिवेलागणीलाच बाजारात जाते. म्हणजे आजीला अर्थशास्त्र आधीपासून येत होतं. कुणी आदेश काढला नाही, नोंदणी केली नाही, तरी माल खपला आणि लोकांना भाजी मिळाली. विकणारे दहा, घेणारे शंभर, माल डोळ्यासमोर. सडका टमाटर हातात घेतला की कळतो आणि एकीचा भाव पटला नाही तर शेजारची बसलेली असते. इतकं सगळं जुळून आलं की बाजार आपलं काम बरं करतो. हे मुलांना नीट मान्य करू द्या. घाईनं "व्यापारी लुटतात" वर जाऊ नका.

मग विचारा, हे सगळं जुळून आलं नाही तर?

धान आणि टमाटर यांत फरक काय

आमच्याकडे हलका धान दिवाळीच्या आसपास हाती येतो, भारी त्यानंतर. चुरणी झाली की गावातल्या प्रत्येक घरी एकाच पंधरवड्यात धान असतो. त्याच पंधरवड्यात सगळ्यांनाच पैसे हवे असतात. रोवणीची उधारी, खताचं बिल, सोसायटीचं कर्ज, दिवाळी, पोरांचे कपडे. साठवायला जागा असते ती ओसरीची, आणि तिथे उंदीर! विकणारे शेकडो आणि घेणारे दोन-तीन.

माल पारखण्याचाही प्रश्न असतो. व्यापारी मूठभर धान हातात घेतो, एक दाणा दाताखाली दाबतो आणि म्हणतो, "ओलावा जास्त आहे." खरंच जास्त आहे का? माझ्या वडिलांना हे मोजायचं यंत्र कधी पाहायला मिळालं नव्हतं. रायपूरला, नागपूरला काय भाव चालू आहे हेही व्यापाऱ्याला ठाऊक, आम्हाला नाही. एकाला माहिती आहे आणि दुसऱ्याला नाही, अशा सौद्यात बाजार कसा बिघडतो यावर जॉर्ज अकरलॉफ या अर्थतज्ज्ञानं १९७० मध्ये जुन्या मोटारींचं उदाहरण घेऊन निबंध लिहिला. २००१ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आपल्याला मोटारीपर्यंत जायची गरज नाही, अंगणातली धानाची रास पुरेशी आहे.

पुस्तकी भाषेत याला "बाजाराचं अपयश" म्हणतात. मुलांना शब्द पाठ करायला लावू नका. "बाजार आहे, पण सौदा बरोबरीचा नाही" एवढं कळलं तरी पुष्कळ झालं.

एक गोष्ट इथेच सांगते. मी डीएडला होते त्या वर्षी दिवाळीनंतर लगेच फी भरायची होती. केंद्र सुरू व्हायला वेळ होता. वडिलांनी अंगणातच धान मोजून दिला, हमीभावापेक्षा क्विंटलमागे दीडशे रुपये कमी घेऊन. महिन्याभरानं केंद्र उघडलं तेव्हा आमच्याकडे घरी खायचा आणि बियाण्याचा तेवढाच उरला होता. ज्यांना पैशाची घाई नव्हती, त्यांनी केंद्रावर विकला. त्या व्यापाऱ्याबद्दल मात्र आमच्या घरी कधी वाईट बोलणं झालं नाही, कारण त्यानं रोख दिले, त्याच दिवशी दिले आणि ओलसर धानही उचलला. मला वर्गात हेही सांगावंसं वाटतं. गोष्टीत खलनायक सापडला की मुलं विचार करायचं थांबवतात.

चिंचोक्यांचा खेळ

या पाठाचा जीव या खेळात आहे. वेळ दोन तासिका. साहित्य म्हणजे चिंचोके आणि चिठ्ठ्या.

बारा मुलं शेतकरी. प्रत्येकाला दहा चिंचोके, म्हणजे दहा कट्टे धान. प्रत्येकाला एक चिठ्ठी, ती कुणाला दाखवायची नाही. कुणाच्या चिठ्ठीत "उद्या कर्ज फेडायचं आहे", कुणाच्या "आई दवाखान्यात आहे", कुणाच्या "घाई नाही". एक मुलगा व्यापारी. सुरुवातीचा भाव कट्ट्याला २० गुण.

पहिल्या फेरीत एकच व्यापारी. आमच्या वर्गात पाच मिनिटांत भाव ११ वर आला. व्यापारी झालेला मुलगा एरवी अगदी भिडस्त. पण "मला काही घाई नाही" हे वाक्य त्याला कुणी शिकवावं लागलं नाही. ज्यांच्या चिठ्ठीत दवाखाना होता त्यांनी सर्वांत आधी आणि सर्वांत स्वस्तात विकलं.

दुसऱ्या फेरीत मी दोन व्यापारी केले. भाव १६ पर्यंत गेला. मुलं खूश. तेवढ्यात दोघं व्यापारी खिडकीपाशी जाऊन कुजबुजले आणि पुन्हा दोघांचाही भाव १२! शेतकरी पोरांनी गोंधळ घातला, "मॅडम, हे मिळाले!" मी काहीच बोलले नाही. स्पर्धा म्हणजे काय आणि ती मोडते कशी हे फळ्यावर लिहायची गरजच उरली नाही.

तिसऱ्या फेरीत सरकार आलं. एका मुलीला टेबलावर बसवलं. तिचा भाव ठरलेला, २०. पण अटी दोन. घंटा झाल्यावरच टेबल उघडणार आणि एका वेळी एकाचंच नाव लिहून, चिंचोके मोजून घेणार. घंटा मी मुद्दाम उशिरा वाजवली. तोवर बारातले पाच जण व्यापाऱ्याला विकून मोकळे झाले होते, १४-१५ नं. मात्र बघा, पहिल्या फेरीतल्यासारखं ११ नं कुणीच विकलं नाही. टेबल उघडणार आहे हे माहीत असल्यामुळे व्यापाऱ्यालाही भाव चढवावा लागला. सरकारनं सगळा माल घेतला नाही तरी त्याच्या नुसत्या असण्यानं भावाला टेकू मिळतो, हे आमच्या पोरांनी चिंचोक्यांत पाहिलं.

आणि मग जे झालं ते मी ठरवलेलं नव्हतं. व्यापारी झालेल्या मुलानं विकत घेतलेले चिंचोके एका मित्राच्या हातात दिले आणि म्हणाला, "तुझ्या नावानं टेबलावर विक, दोन गुण तुला." मित्रानं विकलेही. मी विचारलं, "हे कसं सुचलं रे?" तर मित्रच म्हणाला, "मॅडम, सातबारा द्यायचा असतो ना!"

वर्गात दोन-चार मुलं हसली. दोन-चार अजिबात हसली नाहीत.

केंद्रावर खरंच काय होतं

खेळ झाल्यावर खरी गोष्ट सांगायला घेतली. किमान आधारभूत किंमत, म्हणजे आपला हमीभाव, ठरवण्यासाठी केंद्रानं १९६५ मध्ये कृषी मूल्य आयोग नेमला. भारतीय अन्न महामंडळ म्हणजे एफसीआय हेही त्याच वर्षीचं. देशात धान्याची टंचाई होती, अमेरिकेच्या गव्हावर दिवस निघत होते, तो काळ. आज आयोग २० पेक्षा जास्त पिकांच्या किमतींची शिफारस करतो. पण भाव जाहीर करणं वेगळं आणि त्या भावानं प्रत्यक्ष माल घेणं वेगळं. शांता कुमार समितीनं २०१५ च्या अहवालात म्हटलं होतं की देशातले जेमतेम ६ टक्के शेतकरी हमीभावानं सरकारी यंत्रणेला विकू शकतात. आपण त्या मानानं नशीबवान, कारण आपल्याकडे धानाची खरेदी खरोखर होते. आदिवासी भागात आदिवासी विकास महामंडळ, इतरत्र मार्केटिंग फेडरेशन, आणि गावपातळीवर त्यांच्या वतीनं काम करणाऱ्या सहकारी संस्था.

२०२५-२६ च्या हंगामासाठी साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २३६९ रुपये आहे आणि 'अ' दर्जाचा २३८९. ओलावा १७ टक्क्यांपर्यंत चालतो. सातबारा, आधार, बँक पासबुक देऊन ऑनलाइन नोंदणी करावी लागते. केंद्रावर घेतलेला धान मिलवाल्यांना भरडाईला दिला जातो. १०० किलो धानामागे ६७ किलो तांदूळ सरकारला परत द्यायचा, असा हिशोब.

मुलांना इथे गणित घालायला विसरू नका. २३६९ भागिले ६७. उत्तर ३५ रुपये ३६ पैसे. म्हणजे एक किलो तांदळात नुसत्या धानाचेच ३५ रुपये. भरडाई, बारदाना, हमाली, गाडीभाडं, गोदाम वेगळं. आणि हाच तांदूळ रेशन दुकानात जानेवारी २०२३ पासून फुकट मिळतो. शाळेतल्या पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम, तोही घरच्यांना काही न पडता.

त्या मुलाला इथे उत्तर मिळालं. "तुझ्या बाबांकडून थेट घेतला तर फक्त आपली शाळा जेवेल. जिथे धान पिकत नाही त्या शाळेचं काय? आणि आपल्याकडे रोवणीच गेली, दुष्काळ पडला, त्या वर्षी काय?" तो म्हणाला, "पण गाडीचा खर्च वाढतो ना." बरोबर आहे, वाढतो. मी मान डोलावली. ते काही खोटं नाही.

मग हे पैसे देतं कोण?

"सरकार!" वर्ग एका सुरात.

सरकारकडे कुठून आले? "छापते!" (हे उत्तर दरवर्षी येतं.) मग कुणीतरी म्हणतं, "टॅक्स. नोकरीवाले भरतात." म्हणजे मॅडम भरतात, आम्ही नाही.

इथे मी एक बिस्किटचा पुडा टेबलावर ठेवते. यावर कर आहे आणि तो पुडा घेणारा भरतो. मजुरीला जाणाऱ्या आईनं घेतला तरी तेवढाच, मी घेतला तरी तेवढाच. तिच्या रोजीतला तो मोठा हिस्सा, माझ्या पगारातला लहान. याला अप्रत्यक्ष कर म्हणतात आणि त्याची खोड ही अशी. माणूस पाहून तो बदलत नाही. "गरीब लोक टॅक्स भरत नाहीत" असं जे आपण स्टाफरूममध्येही ऐकतो ना, ते बरोबर नाही.

२२ सप्टेंबर २०२५ पासून वह्या, पेन्सिल आणि खोडरबर यांवरचा जीएसटी शून्य झाला. आधी वही-पेन्सिलवर १२ टक्के होता, खोडरबरवर ५. मुलांना दुकानात पाठवलं की पेन्सिल स्वस्त झाली का ते बघून या. बहुतेकांना भाव तोच सांगितला गेला, "जुना माल आहे." कर कमी झाला की तो पैसा गिऱ्हाइकाकडे जातो, दुकानदाराकडे राहतो की कंपनीकडे, हा अर्थशास्त्रातला जुना प्रश्न आहे. आमच्या पोरांनी तो किराणा दुकानाच्या पायरीवर उभं राहून विचारला.

आता कट्ट्याची गंमत. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पॅकबंद, छापील लेबलाच्या तांदळावर ५ टक्के जीएसटी लागला. सुट्या तांदळावर नाही आणि २५ किलोच्या वरच्या कट्ट्यावरही नाही. त्यानंतर दुकानात काय दिसू लागलं? २६ किलोचे कट्टे. ३० किलोचे कट्टे. जिथे रेघ ओढली तिथूनच एक पाऊल पुढे माल जाऊन उभा राहिला. महिन्याची रक्कम एकदम हातात असलेला २६ किलोचा कट्टा घेतो आणि कर वाचवतो. आठवड्याच्या मजुरीवर चालणारा ५ किलोची पिशवी घेतो आणि कर भरतो. ज्यानं ५ किलो सुटा घेतला तो सुटला म्हणा. घरी रिकामी थैली असेल तर तिच्यावरचं वजन वाचायला सांगा. हा धडा थैलीवर छापलेला आहे!

मग मी माझी पगारपत्रक काढली. मुलांना फार मजा वाटते. त्यात "व्यवसाय कर २००" अशी ओळ आहे. फेब्रुवारीत ३००. वर्षाचे २५००. ही ओळ आपण सगळे शिक्षक वर्षानुवर्षं बघतो, पण ती आली कुठून? १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात वि. स. पागे यांच्या पुढाकारातली रोजगार हमी योजना मोठ्या प्रमाणावर राबवली गेली. काम मागेल त्याला काम. तिच्यासाठी पैसा उभा करायला १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा झाला. रोजगार हमीचा कायदा १९७७ चा, २६ जानेवारी १९७९ पासून लागू. म्हणजे पगार असणाऱ्यांनी थोडं द्यायचं आणि त्यातून हाताला काम नसणाऱ्याला माती उकरायचं काम मिळायचं. पुढे २००५ मध्ये देशभराचा कायदा झाला, पण सुरुवात आपल्या राज्यातली. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलांचे आईबाबा उन्हाळ्यात रोजगार हमीवर जातात. पगारपत्रकातली ती ओळ आणि त्यांच्या घरातलं जॉबकार्ड एकमेकांचे नातलग निघाले.

आणखी एक भागाकार. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात अन्न अनुदानासाठी सुमारे २ लाख कोटी रुपये ठेवले आहेत आणि मोफत धान्याचे लाभार्थी ८१ कोटींच्या आसपास. माणशी वर्षाला साधारण अडीच हजार. माझा वर्षाचा व्यवसाय करही अडीच हजार. (एक तिजोरी राज्याची, दुसरी केंद्राची, तेव्हा हा फक्त आकड्यांचा योगायोग. पण मुलांना "अडीच हजार म्हणजे केवढे" ते कळायला बरा पडतो.)

सरकारचा हातही घसरतो

बाजार चुकतो म्हणून सरकारला बोलावलं, आता सगळं सुरळीत, असा पाठ संपवला तर मुलं घरी जाऊन बापाला सांगतील आणि बाप हसेल. त्याला केंद्राची रांग माहीत आहे.

केंद्र उशिरा उघडलं की काय होतं ते खेळात पाहिलंच. बारदाना संपतो. गोदाम भरलं की धान उघड्यावर ताडपत्रीखाली राहतो आणि अवकाळी पाऊस आमच्याकडे विचारून येत नाही. शिवाय हमीभाव वजनावर मिळतो. साधारण आणि 'अ' दर्जा यांत फरक फक्त २० रुपयांचा. मग वासाचा चिन्नोर लावायचा कुणी? उतारा कमी, मेहनत जास्त, आणि केंद्राच्या काट्याला वास कळत नाही. माझ्या आजीच्या तोंडी धानाच्या जितक्या जाती होत्या, त्यातल्या निम्म्याही आता गावात नाहीत. याचं सगळं खापर हमीभावावर फोडता येणार नाही, पण त्याचा वाटा आहे असं माझं मत.

खरेदी जास्त आणि उचल कमी झाली की गोदामं फुगतात. जानेवारी २०२५ मध्ये केंद्रानं इथेनॉलच्या कारखान्यांसाठी सरकारी तांदळाचा भाव किलोला २२ रुपये ५० पैसे केला. त्या हंगामाचा हमीभाव २३००. त्याला ६७ नं भागून बघा आणि मुलांनाच बोलू द्या.

बोनसची कथा तर या विषयातलं सर्वांत चांगलं उदाहरण आहे. २०२०-२१ मध्ये राज्यानं धानाला क्विंटलमागे ७०० रुपये बोनस दिला, ५० क्विंटलच्या मर्यादेत. जितके जास्त क्विंटल सातबाऱ्यावर दाखवाल तितका जास्त बोनस. मग बाहेरचा धान इथल्या नावावर चढवण्याचा मोह होणारच. आपला जिल्हा तर बालाघाट आणि राजनांदगावला खेटून. २०२२-२३ ला पद्धत बदलली. क्विंटलऐवजी हेक्टरी १५,००० रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत. पुढच्या वर्षी हेक्टरी २०,०००. आता कट्टे वाढवून उपयोग नाही, कारण शेत काही बाहेरून आणता येत नाही. पण यात नवी बाजू निघाली. चांगलं पिकवणाऱ्याला आणि जेमतेम पिकवणाऱ्याला सारखंच. एक एकरवाल्याचा हिशोब मुलांनी केला. १५ क्विंटल विकले तर जुन्या पद्धतीनं १०,५००, नव्या पद्धतीनं साधारण ८,०००. आणि १० क्विंटलच झाले असतील तर? जुन्यानं ७,०००, नव्यानं तेच ८,०००. वर्गात लगेच दोन पक्ष पडले. आणि ज्यानं शेत ठेक्यानं केलं त्याचं काय? सातबारा मालकाचा, घाम दुसऱ्याचा. यावर माझ्याकडेही उत्तर नव्हतं.

तिकडे छत्तीसगडमध्ये २०२३-२४ पासून क्विंटलला ३१०० रुपये मिळतात, एकरी २१ क्विंटलपर्यंत. खरेदीच्या दिवसांत तिथलं सरकार सीमेवर नाके लावतं, बाहेरचा धान येऊ नये म्हणून. सालेकसा, देवरीकडच्या मुलांना हे सांगावं लागत नाही. पाणी जसं उताराकडे जातं तसा धान चढ्या भावाकडे जातो. सरकारनं भाव ठरवला तरी बाजार मरत नाही, फक्त वाट बदलतो.

आणि तलाव

हा भाग वेगळ्या तासिकेला घ्या, पण घ्या नक्की. कारण बाजार आणि सरकार या दोघांशिवाय तिसरंही काही असू शकतं हे दाखवायला गोंदिया-भंडाऱ्यासारखी जागा नाही.

गावातला तलाव बाजारात विकता येत नाही. पाळ बांधली तर पाणी सगळ्यांच्या बांध्यांत जातं, पैसे न देणाऱ्याच्याही. मग मी कशाला खर्च करू, असं प्रत्येकानं म्हटलं तर तलाव होणारच नाही. तरी पूर्व विदर्भात सहा हजारांहून जास्त तलाव झाले, ट्रॅक्टर-जेसीबी नव्हते तेव्हा. कोहळी समाजाचं त्यात मोठं नाव. नवेगाव बांध कोलू पाटील कोहळींनी बांधला असं परंपरा सांगते. देखरेख मालगुजाराकडे, गाळ-पाळीचं काम गावाकडे, पाणी कुणाच्या बांधीत आधी सोडायचं हेही ठरलेलं. हे सगळं गोड होतं असं नाही. मालगुजारी म्हणजे जमीनदारी, तिचा जाच होताच. १९५० च्या कायद्यानं ती गेली, ते चांगलंच झालं.

पण तलाव सरकारजमा झाले आणि "माजी मालगुजारी" हे नाव तेवढं उरलं. मोठे पाटबंधारे खात्याकडे, १०० हेक्टरपर्यंत सिंचनाचे जिल्हा परिषदेकडे. पाणीपट्टीवरून वाद झाले. गाळ साचत गेला, बेशरमची झाडं माजली. "सरकारचा तलाव आहे, सरकार बघेल." गावाचा हात सुटला आणि सरकारचा पोहोचला नाही. एलिनॉर ऑस्ट्रॉम या बाईंना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते याच विषयावर. सामाईक पाणी, जंगल, कुरण लोक आपसांत नियम करून पिढ्यान्‌पिढ्या सांभाळू शकतात, हे त्यांनी जगभरातल्या गावांचा अभ्यास करून दाखवलं. अर्जुनी मोरगाव तालुक्यात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळानं धीवर समाजासोबत बेशरम उपटून, पाणवनस्पती लावून, स्थानिक मासळी परत आणायचं जे काम केलं, ते त्याच वाटेवरचं. शक्य असेल तर वर्ग तिकडे घेऊन जा.

आमचा वर्ग गावच्याच तलावावर गेला. मुलांनी पाळीवर बसून घरच्या म्हाताऱ्यांसाठी तीन प्रश्न तयार केले. पूर्वी पाळ फुटली तर कोण जायचं? आता फुटली तर कुणाला फोन करतात? मधे काय झालं? पहिल्या प्रश्नाला जवळजवळ सगळ्या घरांतून एकच उत्तर आलं, "सगळेच." दुसऱ्याला सरपंच, तलाठी, मेंबर, आमदार अशी बरीच नावं आली. तिसऱ्या प्रश्नाच्या रकान्यात मुलांनी जे लिहून आणलं ते अजून माझ्या टेबलावर आहे. एका आजोबांनी नातवाला एवढंच लिहायला लावलंय, "आम्ही गेलो असतो, पण कोणी बोलावलं नाही." पुढच्या आठवड्यात त्या वहीवरूनच तासिका सुरू करणार आहे.